बाहेरचे दोघे

त्या गुरुवारी विठूमामाने गावी फोन लावला आणि गुरवाने देवाला कौल लावला. शुक्रवारी डॉमनिककाकांना संघातून वगळलं. महिना संपायच्या आत ते आणि फिलोमावशी आमच्या फ्लॅटमधून निघून फुजैराला राहायला गेले.

फ्लॅट दुबईतल्या अल कुसैसमध्ये होता. दोन खोल्या, एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि दोन कुटुंबं. एका खोलीत आई, बाबा आणि मी. दुसरीत वसईचे डॉमनिककाका आणि फिलोमावशी. काका एका हॉटेलात बँक्वेट विभागात होते, मावशी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर. भाडं अर्धं-अर्धं, फ्रिजचे कप्पे अर्धे-अर्धे, पण वास काही अर्धे करता येत नाहीत. आईच्या खालच्या फळीवर तिरफळं आणि सोलं असत, मावशीच्या वरच्या फळीवर बाटलीत दाबून भरलेला लाल मसाला असे, आणि शुक्रवारी सकाळी दोन्ही फळ्यांचा कारभार एकत्र होई. आई घावणे घाली आणि मावशी आदल्या दिवशीचं इंदयाल, म्हणजे तिच्या लाल मसाल्यातलं आंबट-तिखट मटण, गरम करी. इंदयालाबरोबर घावणे खायचे असतात, असं मी बरीच वर्षं समजत होते. लग्नानंतर कोणीतरी हसलं तेव्हा कळलं की तसं जगात कुठेच नसतं, फक्त आमच्याकडे होतं.

घरावरून विमानं उतरायची. विमान आलं की बोलणारा तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचा, आणि ते गेलं की वाक्य तिथूनच पुढे चालू. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे विचित्र वाटे. मला आजही कोणी मध्येच थांबलं तर राग येत नाही. मी नुसती वाट बघते.

आता संघाबद्दल लिहायला हवं, आणि त्याबद्दल चांगलं लिहायचं तर मला खोटं लिहावं लागेल. संघाचं नाव वेळशी इलेव्हन. वेळशी हे आईचं माहेर, तळकोकणातलं. तिथले सुतार, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, स्टोअरकीपर असे पंधरा-सोळा जण दुबई-शारजात विखुरलेले होते, आणि हिवाळ्यात गावागावांच्या संघांची टेनिस बॉलची लीग असायची, ती शारजाच्या हद्दीजवळच्या एका मोकळ्या मैदानावर. मैदान म्हणजे वाळू, मधे चटई अंथरलेली पट्टी, आणि एका बाजूला कुणीतरी टाकून दिलेला सोफा. त्या सोफ्यावर विठूमामा बसे. तो आईचा चुलतभाऊ, एका बांधकाम कंपनीत फोरमन, संघाचा संस्थापक आणि मॅनेजर. साइटवर चाळीस माणसांना ओरडायची सवय असल्यामुळे अकरा माणसांना ओरडणं त्याला विश्रांतीसारखं वाटत असावं.

लीगच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघात गावाबाहेरचे दोनच खेळाडू चालत. आमच्या संघातले ते दोन म्हणजे डॉमनिककाका आणि बाबा. बाबा वेळशीचे जावई, पण जावई म्हणजे गाववाला नव्हे. त्यातून ते घाटावरचे. लग्नाच्या वेळी आईच्या माणसांनी 'घाट्याक पोरगी दिली' असं म्हटलं होतं, आणि त्यातली बरीचशी माणसं पुढे व्हिसा काढून इथे आली आणि दर शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये बसून आईच्या हातची सोलकढी प्यायली. बाबांना कॅप्टन केलं होतं, कारण आयोजकांशी आणि पंचांशी इंग्रजीत भांडणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांना मात्र वाटे की त्यांच्या फलंदाजीमुळे केलं. एका शिपिंग ऑफिसात दिवसभर इतरांच्या कंटेनरांची चौकशी करणारा माझा बाप शुक्रवारी सकाळी कॉलर वर करून मैदानात उतरायचा, आणि बायकोच्या गावच्या माणसांनी 'भावजी, भारी' म्हणावं म्हणून वाटेल ते करायचा. बाबा जाऊन आता सहा-सात महिने झाले. ही वाक्यं लिहायला मला फार वेळ लागतो, पण ती खोडावीशी वाटत नाहीत.

प्रत्येक सामन्याआधी गाऱ्हाणं होई. सगळे गोल करून उभे राहत, मधे नारळ, आणि विठूमामा गावच्या दिशेला, म्हणजे त्याच्या मते विमानतळाच्या दिशेला, तोंड करून सुरू करी. "बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज हय वाळवंटात उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातसून जा काय चुकला-माकला आसात ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"समोरच्याचो ओपनर पयल्याच ओव्हरात घराक धाड."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात खणखणीत 'व्हय म्हाराजा' डॉमनिककाकांचं असे. ते म्हणून झालं की काका हळूच कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रॉस करत आणि चेंडू मागत. संघात गोलंदाजी येणारा तो एकच माणूस होता. डावखुरा, पोट थोडं सुटलेलं, धावायचा सात-आठ पावलं आणि चेंडू सोडायचा तो फलंदाजाच्या बॅटच्या खालून निघून जायचा. पहिले सहा सामने त्यानेच जिंकून दिले. पण विठूमामा गावी जे फोटो पाठवायचा त्यांत मधे विठूमामा, शेजारी बाबा, आणि डॉमनिककाका एका टोकाला, निम्मे कापले गेलेले.

सहा विजय झाल्यावर पहिल्या चार संघांत जागा नक्की धरून सगळे चालायला लागले. उरलेल्या सामन्यांतला एक जिंकला की बाद फेरी. त्यानंतर त्यांनी एकही खेळून जिंकला नाही. मी बहुतेक सामन्यांना गाडीत बसून लायब्ररीचं पुस्तक वाचत असे, पण काचेतून जे दिसे ते पुरेसं होतं. बाळा नावाचा एसी मेकॅनिक सीमेवर उभा राहून सोपे झेल सोडायचा, आणि सोडल्यावर हाताकडे असा बघायचा की जणू हात दुसऱ्या कुणाचे आहेत. दोघे फलंदाज एकाच टोकाला धावत. एका सामन्यात आमचे पाच जण तर पट्टीवरच्या चटईची घडी सरळ करण्यावरून आपसांत भांडले आणि तेवढ्यात समोरच्यांनी तीन धावा काढल्या. का हरत होते हे सांगायला देव कशाला लागतो? निम्मे जण रात्रपाळी करून थेट मैदानावर येत होते. उरलेले निम्मे चषक गावी कोण घेऊन जाणार यावर आठवडाभर व्हॉट्सॲपवर भांडत होते. चषक अजून कुणाला मिळालेला नव्हता.

त्यांनी उपाय केले. जिंकलेल्या दिवसांची जर्सी धुवायची बंद केली, त्यामुळे आमच्या हॉलला जो वास येऊ लागला त्याचं वर्णन मी टाळते. विठूमामाने सोफ्याची जागा बदलली. नारळ शारजाच्या दुकानातून न आणता करामाच्या दुकानातून आणला. त्या नारळात पाणीच निघालं नाही, आणि त्यावर गंभीर चर्चा झाली.

तिसऱ्या पराभवानंतर सगळे आमच्याकडे जेवायला होते. आईने सुरमईचं तिखलं केलं होतं. बाळा काटे बाजूला ठेवत म्हणाला, "माजो काय दोष नाय. बॉल हातात येता आनि कोन तरी मागसून ओढता."

"मागून तुझी ढेरी ओढते, बाळा," डॉमनिककाका म्हणाले.

सगळे हसले, विठूमामा सोडून. तो भात कालवत बाबांना म्हणाला, "भावजी, ह्या खेळाचा नाय. ह्या काय तरी येगळा आसा. बाधा आसा."

"बाधा वगैरे काही नसतं हो," बाबा म्हणाले, पण फार हळू म्हणाले. आपण बोललो असं पुढे सांगता यावं, पण कुणाला ऐकू मात्र जाऊ नये, अशी एक पट्टी त्यांना साधली होती.

"देवाक इचारूया," विठूमामा म्हणाला.

वेळशीत कुठलीही अडचण आली की देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवाच्या दगडी मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि बसतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, कोर्टात जायचं की नाही, सगळं पाकळी ठरवते. या गोष्टीला मी हसत नाही. माझी आजी अशा कौलांवर आयुष्यभर शांत झोपली. मी हसते ते या गोष्टीला की अल कुसैसमध्ये बसून कोणाला क्रिकेट संघाबद्दल कौल लावावासा वाटला, आणि खोलीभर माणसांना तो उपाय शहाणपणाचा वाटला. त्यांत एक पदवीधर होता.

गुरुवारी संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून मधल्या टीपॉयवर मांडला. सगळे चपला काढून बसले. डॉमनिककाका स्वयंपाकघरात पोटॅटो चॉप्स तळत होते, कारण त्या दिवशी मावशीची क्लिनिकमध्ये उशिराची पाळी होती आणि इतक्या माणसांना काहीतरी खायला द्यायला हवंच होतं. पलीकडून देवळातली घंटा ऐकू आली आणि मग गुरव.

"प्रश्न सरळ इचारा. देव हो नायतर नाय सांगतलो. तो काय तुमचो पेपर सोडवुचो नाय."

विठूमामाने घसा साफ केला. "संघाक जी बाधा आसा, ती भायरच्या मानसाची आसा काय?"

प्रश्न असा का विचारला हे त्याला कुणी विचारलं नाही. घरातल्या माणसाची आहे का, असंही विचारता आलं असतं. झेल का सुटतात, असंही विचारता आलं असतं. पण मनात उत्तर तयार असलं की माणूस प्रश्न त्याच्याच मापाचा शिवतो. बराच वेळ फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. मधे आमच्या घरावरून एक विमान गेलं आणि सगळे दोन्ही बाजूंनी थांबले.

"उजवो," गुरव म्हणाला. "उजवो इलो. भायरच्याचीच आसा."

कुणी बाबांकडे बघितलं नाही. कुणी स्वयंपाकघराकडेही बघितलं नाही. सगळे टीपॉयकडे बघत होते. बाहेरचे दोघे होते, आणि त्या खोलीत प्रत्येकाला दोन मोजता येत होते. बाळा सुतळीसारख्या बारीक आवाजात म्हणाला, "तो क्रॉस करता. गाऱ्हाण्यात." दुसरा एक जण म्हणाला, "पन जावय पन भायरचोच म्हनूचो." विठूमामा त्याच्यावर डोळे वटारून गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यात त्यालाही ते पटलेलं होतं.

"दुसरो कौल लावू?" गुरवाने विचारलं. "भायरचो कोन, ता इचारू?"

बाबा पुढे वाकले. "नको, गुरवकाका," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज पुरेसा मोठा होता. "पुरे. समजलं आम्हाला. मी बघतो काय ते." आणि त्यांनी फोन बंद केला.

डॉमनिककाका ताट घेऊन बाहेर आले. "काय म्हणतो देव? कॅच पकडायला शिकवणार का?"

बाळाने एक चॉप उचलला. बाकीच्यांनीही उचलले. गरम होते, म्हणून बराच वेळ कुणाला बोलावं लागलं नाही.

माणसं गेल्यावर काका मावशीला आणायला खाली उतरले. आई ताटं गोळा करता करता बाबांना म्हणाली, "दुसरा प्रश्न का विचारू दिला नाहीत?"

"कशाला उगाच ताणायचं?"

"उत्तर काय येईल ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून."

"खलास झालं ना आता. सोड."

"बट यू आर ऑल्सो बाहेरचा, बाबा," मी म्हणाले. त्या वयात मी सगळ्याला इंग्रजीतच उत्तर देत असे.

"तू पुस्तक वाच," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काका हॉलमध्ये जर्सीला इस्त्री करत होते. संघात जर्सीला इस्त्री करणारे ते एकटेच. बाबा आंघोळ करून आले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून उभे राहिले.

"डॉमनिक, आज जरा तू रेस्ट घे."

"रेस्ट? हबीबी, लग्नाच्या बँक्वेटची शिफ्ट बदलून मी आज मोकळा झालोय. रेस्ट द्यायचा तर माझ्या मॅनेजरला सांग."

"विठूदादा म्हणतात की..."

"विठूला काय म्हणायचं ते विठू म्हणेल. कॅप्टन तू आहेस."

"कौल आलाय ना."

काकांनी इस्त्री उभी केली. "ऐकलंय मी. किचनला दार नाही आपल्या. कौल आला बाहेरचा. बाहेरचे आपण दोघं. टॉस तरी करायचास, शरद."

बाबांनी टॉवेल वाळत घातला. काकांनी दुसऱ्या बाहीची इस्त्रीसुद्धा पुरी केली, जर्सी घडी घालून कपाटात ठेवली, आणि येऊन घावणे खाल्ले. फिलोमावशीने त्या दिवशी इंदयाल गरम केलं नाही. ते फ्रिजमध्येच राहिलं.

त्या दिवशीच्या सामन्याबद्दल लिहायला मला आवडतं. सामना झालाच नाही. समोरचा संघ उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यातला होता आणि त्यांच्या कंपनीत अचानक ओव्हरटाइम निघाला. त्यांचे चारच जण आले. पंचांनी वाट बघितली, घड्याळ बघितलं, आणि सामना वेळशी इलेव्हनला बहाल केला. अकरा माणसं एकही चेंडू न टाकता, एकही झेल न सोडता बाद फेरीत गेली. आणि त्यांनी ढोल वाजवला. गाडीच्या टपावर बसून वाजवला. विठूमामाने गावी फोन करून सांगितलं की बाधा गेली, देवाने दाखवून दिलं. बाबांना खांद्यावर घेतलं. मी काचेतून बघत होते. खांद्यावरच्या बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याआधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. त्या माणसांनी त्यांना अखेर घरात घेतलं होतं. आत जाण्यासाठी कुणालातरी दाराबाहेर काढावं लागलं, एवढीच त्याची किंमत.

पुढच्या आठवड्यात बाद फेरीत ते असे हरले की समोरच्यांनी जेवायच्या आधी सामना संपवला आणि बिर्याणी गरम असतानाच खाल्ली. त्या पराभवाबद्दल कुणी गुरवाला फोन केला नाही. बाळाने सांगितलं की पट्टीत ओल होती. वाळवंटात.

काकांनी भांडण केलं नाही. फुजैराच्या एका हॉटेलात जागा निघाली होती, ती त्यांनी मागून घेतली. हे सगळं आधीपासूनच ठरत होतं, असं बाबा आल्यागेल्याला सांगत. जायच्या दिवशी फिलोमावशीने आईला मसाल्याची एक भरलेली बाटली दिली आणि दोघी बराच वेळ फ्रिज पुसत राहिल्या, जो आधीच स्वच्छ होता. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरीणबाई, वाचत राहा." मग बाबांशी हात मिळवला, लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्ट येईपर्यंत दोघे पार्किंगच्या फीबद्दल बोलले.

पुढच्या हिवाळ्यात लीगच्या बैठकीत विठूमामानेच ठराव मांडला की संघात बाहेरचे खेळाडू नकोत, वाद होतात. ठराव एकमताने मंजूर झाला. बाबांना सल्लागार केलं. सल्लागाराला सोफ्यावर बसायला मिळे, विठूमामाच्या शेजारी, आणि पाण्याच्या बाटल्या आणायचं काम असे. ते गेले. दर शुक्रवारी गेले, बाटल्या घेऊन. इथली सुट्टी शनिवार-रविवारची झाली तेव्हा रविवारी गेले. त्यांना अपमान कळत नव्हता असं मला पुष्कळ दिवस वाटे. आता वाटतं की कळत होता, आणि ज्या माणसांसाठी एवढं दिलं त्यांना नालायक ठरवलं असतं तर दिलेलं सगळं वाया गेलं असतं. म्हणून ते सोफ्यावर बसून राहिले. यात मला मोठेपण दिसत नाही. कीव येते, आणि तीही थोडी वेळाने येते.

बाबा आजारी होते तेव्हा एकदा संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तो कौल दुसऱ्यांदा लावला असता तर काय आलं असतं गं?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही," ते म्हणाले. "पण माझंच नाव आलं असतं असं धरून मी इतकी वर्षं चाललो."

"मग काकांना फोन करा ना. नंबर आहे आईकडे."

त्यांनी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधे कुठेतरी, आणि चहा मागितला. फोन केला नाही.

ते गेल्यावर फिलोमावशी एकटी आली. आईजवळ बसली, स्वयंपाकघरात जाऊन न विचारता भात लावला. काका का आले नाहीत असं आईने विचारलं नाही, आणि मावशीने कारण सांगितलं नाही. संघातले चार-पाच जण आले, दारात चपला काढून बसले, आणि शरदभावजी फार मनमिळाऊ होते असं म्हणाले. ते खरंच होतं.

बाबा नाहीत. विठूमामा कायमचा गावी गेला आणि संघ आता दुसरीच मुलं चालवतात. आई माझ्याकडे राहते. फुजैरा इथून गाडीने दोन तासांच्या आत येतं. डॉमनिककाका अजून तिथे राहतात, आणि आमच्या घरातलं कोणी अजून तिकडे गेलेलं नाही.